तीन आठवड्यांच्या मानधनावर फुटबॉल संघ उभा राहत नाही

प्रति,
गोव्यातील महाविद्यालयांची व्यवस्थापन मंडळे, सर्व प्राचार्य आणि गोवा विद्यापीठाचा क्रीडा विभाग

सप्रेम नमस्कार.

मी डिचोली तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवतो. बारावीनंतर आमची मुलं-मुली तुमच्याकडे येतात. कोणी साखळीला जातं, कोणी म्हापशाला, कोणी पणजी किंवा फर्मागुडीला. त्यातली काही फार चांगला फुटबॉल खेळतात. हे मी केवळ मायेपोटी म्हणत नाही. पावसाळ्यात आमच्याकडच्या कुठल्याही मैदानाच्या कडेला अर्धा तास उभे राहा, तुम्हालाही दिसेल. ही मुलं अठराव्या वर्षी तुमच्या हाती येतात आणि पदवी घेऊन बाहेर पडतात. खेळाडूच्या आयुष्यातली हीच वर्षं सगळ्यात महत्त्वाची. पण बहुतेकांचा खेळ या वर्षांत आहे तिथेच थांबतो, आणि पुष्कळांचा सुटतो.

म्हणून हे पत्र. मागणी एकच आहे. महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाला प्रशिक्षक नेमाल तेव्हा तो निदान पाच वर्षांसाठी नेमा, बारा महिन्यांच्या पगारावर नेमा, आणि पाच वर्षं होईपर्यंत त्याच्याकडे करंडक मागू नका.

आज बऱ्याच ठिकाणी काय चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचं परिपत्रक येतं. सूचनाफलकावर निवड चाचणीचा कागद लागतो. एका संध्याकाळी मुलं जमतात, त्याच संध्याकाळी संघ ठरतो. मग एखाद्या माजी खेळाडूला फोन जातो आणि तो मानधनावर तीन आठवड्यांसाठी येतो. त्यातला एक आठवडा पावसात जातो, एक अंतर्गत परीक्षांत. सामन्याच्या दिवशी बसमध्ये जर्सी वाटल्या जातात. मधल्या फळीतल्या मुलाला आपला लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, कुठल्या पायाने पास देतो हे माहीत नसतं, कारण दोघांची ओळखच दहा दिवसांची असते. बाद पद्धतीची स्पर्धा असली की एक पराभव आणि हंगाम संपला. जर्सी मोजून परत घेतल्या जातात. पुढच्या वर्षी पुन्हा परिपत्रक.

यात त्या माजी खेळाडूचा दोष नाही. तीन आठवड्यांत कोणीही काही उभं करू शकत नाही. तुमच्या शारीरिक शिक्षण संचालकांनाही मी दोष देणार नाही. बुद्धिबळापासून कबड्डीपर्यंत सगळे संघ एकाच माणसाने पाठवायचे, वर परीक्षांची पर्यवेक्षणं करायची, महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी नॅकच्या फायली भरायच्या, आणि फुटबॉलही शिकवायचा, ही अपेक्षाच चुकीची आहे. संचालक खेळांची व्यवस्था पाहतात. प्रशिक्षक हे वेगळं काम आहे आणि त्याला वेगळा माणूस लागतो.

असा माणूस मिळाला आणि त्याला वेळ दिला तर काय होतं, हे मी जवळून पाहिलं आहे. आमची मुलं जातात अशा एका महाविद्यालयाने काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षकाला वर्षभराच्या करारावर घेतलं. प्राचार्य समजूतदार होते, त्यांनी करार दरवर्षी वाढवून दिला. महाविद्यालयाचं आणि त्या सरांचं नाव मी इथे लिहीत नाही. मला कोणाला दुखवायचं नाही, आणि मी सांगतो आहे ती गोष्ट एका संस्थेपुरती नाहीच.

ते सर पहिल्यांदा भेटले ते आमच्या तालुका पातळीवरच्या शालेय सामन्याला. धो धो पाऊस, मैदानात घोट्यापर्यंत तांबडा चिखल, आणि हे छत्री धरून टचलाइनवर उभे. कॉलेजचा प्रशिक्षक शाळेचा सामना पाहायला येतो, हेच मला नवीन होतं. सामना संपल्यावर त्यांनी गोल मारणाऱ्या मुलाची चौकशी केली नाही. त्यांनी विचारलं ते आमच्या लेफ्ट बॅकबद्दल. चेंडू हातचा गेला की तो उलट किती वेगाने धावला हे त्यांनी टिपून ठेवलं होतं. रेफ्रीने फाउल विरुद्ध दिला तेव्हा तो काय बोलला, बदली झाल्यावर बाकावर कसा बसला, हेही. शेवटी विचारलं, “गाव कुठलं? शेवटची बस किती वाजता?”

हा प्रश्न विचारणारा प्रशिक्षक सत्तरी आणि डिचोली तालुक्यांतल्या मुलांना किती हवा आहे, हे पणजीत बसून कळणं कठीण आहे. केरी, ठाणे किंवा नगरगावच्या मुलाला संध्याकाळी सहापर्यंत सराव करून घरी जायचं तर वाळपई किंवा साखळीला बस बदलावी लागते. ती चुकली की वडिलांनी स्कूटर काढायची. चार वेळा स्कूटर काढली की पाचव्यांदा वडील म्हणतात, पुरे झाला फुटबॉल. सरांनी प्राचार्यांबरोबर बसून वेळापत्रकच बदलून घेतलं. आठवड्यातले तीन दिवस खेळाडूंची प्रात्यक्षिकं सकाळच्या सत्रात लागली, सराव पावणेचारला सुरू होऊन सव्वापाचला संपू लागला. एवढ्या एका बदलाने संघात गावाकडची पाच-सहा मुलं टिकली. याला पैसा लागला नाही. प्राचार्य आणि प्रशिक्षक एका टेबलाशी बसले, इतकंच लागलं. आणि तीन आठवड्यांसाठी आलेल्या माणसाला प्राचार्यांच्या टेबलाशी कोणी बसवत नाही.

पहिल्या वर्षी त्यांचा संघ पहिल्याच सामन्यात मोठ्या फरकाने हरला. दुसऱ्या वर्षी त्यांनी सरावाला न येणाऱ्या दोन नावाजलेल्या खेळाडूंना संघाबाहेर ठेवलं. ही दोन्ही मुलं क्लबकडून खेळत होती, त्यांच्याशिवाय जिंकणं अवघड होतं, आणि संघ हरलाच. प्राचार्यांना फोन गेले. प्राचार्य ठाम राहिले. माझ्या मते त्या संघाचा खरा जन्म त्या आठवड्यात झाला, कारण सरावाला येणाऱ्या मुलांना तेव्हा कळलं की इथे येण्याला किंमत आहे. तिसऱ्या वर्षी बचावफळीतले चौघेही दुसरा हंगाम एकत्र खेळत होते. गोलकीपरने हाक मारण्याआधी स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, सरकत होता. संघ उपांत्य फेरीत गेला. चौथ्या वर्षी अंतिम फेरीत जाऊन एका गोलने हरला.

त्याच उन्हाळ्यात प्राचार्य निवृत्त झाले. नव्या समितीने फाइल पाहिली. चार वर्षांचा पगार, करंडक एकही नाही. करार वाढला नाही. पुन्हा स्पर्धेपुरता प्रशिक्षक, पुन्हा सूचनाफलक. जी पोरं पहिल्या वर्षापासून घडवली होती ती दोन वर्षांत पांगली. तो लेफ्ट बॅक आज एका कारखान्यात पाळीवर जातो. नोकरी करतो याचं मला समाधानच आहे. पण तो आता गावच्या सामन्यालाही येत नाही, आणि त्याच्या पायात काय होतं ते मी पाहिलेलं आहे. पाचवं वर्ष मिळालं असतं तर करंडक आलाच असता असा दावा मी करत नाही. पण चार वर्षं पेरून कापणीच्या तोंडावर शेत सोडून देण्यात कसली काटकसर झाली, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

गोव्याला हे नवीन नाही. फुटबॉल आपल्याकडे रुजला तोच शिकवणाऱ्या माणसांमुळे. १८८३ मध्ये फादर विल्यम लायन्स या धर्मगुरूंनी शिवोलीत तो आणला असं सांगितलं जातं. पुढे चर्चच्या शाळांनी, गावोगावच्या मैदानांनी आणि वर्षानुवर्षं त्याच जागी राहून पोरांना खेळवणाऱ्या शिक्षकांनी तो वाढवला. फुटबॉलची संघटना इथे १९५९ साली, पोर्तुगीज अमलातच, स्थापन झाली. मुक्तीनंतर खाणमालकांच्या क्लबांनी त्याला व्यवसायाचं रूप दिलं. साळगावकर, धेंपो ही नावं आमच्या खाणपट्ट्यातल्या माणसाला ट्रकवरून आणि जर्सीवरून सारखीच ओळखीची. ताळगावच्या मातीतून ब्रह्मानंद शंखवाळकर गोलमध्ये उभे राहिले, भारताचे कर्णधार झाले, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. महेश गवळी, समीर नाईक ही आपलीच मुलं भारताकडून खेळली.

धेंपोचं उदाहरण तर तुम्ही प्रत्येक बैठकीत समोर ठेवावं असं आहे. आर्मांदो कुलासो यांनी २००० च्या सुमारास हा संघ हाती घेतला. राष्ट्रीय लीगचं पहिलं विजेतेपद आलं २००४-०५ मध्ये. त्याच्या आदल्या हंगामात ते दुसरे आले होते. तेव्हा कोणी ‘पैसे गेले, करंडक कुठे’ म्हणून त्यांना घरी पाठवलं असतं तर? पुढे २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ अशी आणखी चार विजेतेपदं त्याच प्रशिक्षकाच्या हाताखाली आली. त्या संघातले कित्येक खेळाडू वर्षानुवर्षं तेच होते. कुलासो सरांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने त्यांचे फोटो लावले. क्लबने त्यांना दिलेला वेळ मात्र आपण कोणीच आपल्या संस्थेत आणला नाही.

आता तो काळही राहिला नाही. २०१६ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या नव्या लीगरचनेच्या निषेधात साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे तिन्ही क्लब आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. धेंपो पुन्हा राष्ट्रीय पातळीवर आला, पण मधल्या वर्षांत जे तुटलं ते तुटलं. पूर्वी वीस वर्षांच्या बऱ्या खेळाडूला क्लबचा करार, निदान एखाद्या कंपनीच्या संघातली नोकरी, अशी एक वाट दिसत असे. आज आयएसएल या देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये पोहोचतात ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुलं. साखळीची सेसा अकादमी किंवा एखाद्या क्लबची युवा फळी सोळा-सतराव्या वर्षी ज्यांना निवडत नाही, त्यांचं काय? उशिरा अंगाने भरणारी मुलं असतात. अकरावीत किरकोळ दिसणारा मुलगा विसाव्या वर्षी पहाडासारखा स्टॉपर होतो. त्याला त्या तीन-चार वर्षांत कोणीतरी शिकवत राहावं लागतं. गोव्यात हे करू शकेल अशी एकच जागा आता उरली आहे, आणि ती तुमची महाविद्यालयं आहेत.

राज्यांच्या संघांमधल्या संतोष करंडकात गोवा पाच वेळा विजेता ठरला, त्यातला एक विजय १९८२-८३ चा बंगालबरोबर विभागून. २००८-०९ च्या विजयानंतर २०१६-१७ ला आपल्याच बांबोळीच्या मैदानावर आणि २०२३-२४ ला अरुणाचलमध्ये आपण अंतिम सामन्यात हरलो. दोन्ही वेळा फरक एका गोलचा. वीस ते तेवीस या वयातले खेळाडू आपल्याकडे किती खोलवर तयार आहेत, हा प्रश्न अशा एका गोलमध्ये दडलेला असतो.

महाविद्यालयातून फुटबॉल कसा वाढतो याचे सगळ्यात ठळक दाखले अमेरिकेत आहेत. तिथला पैसा, तिथल्या शिष्यवृत्त्या आपल्याकडे येणार नाहीत, आणि मी त्या मागतही नाही. मला तिथल्या दोन माणसांबद्दल सांगायचं आहे.

जेरी येगली १९६३ मध्ये इंडियाना विद्यापीठात आले. तिथे फुटबॉलला विद्यापीठाच्या अधिकृत संघाचा दर्जाच नव्हता. नुसता विद्यार्थ्यांचा क्लब होता. तो दर्जा मिळायला १९७३ साल उजाडलं. म्हणजे दहा वर्षं या माणसाने अधिकृत नसलेला संघ चालवला. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आलं १९८२ मध्ये. आल्यापासून एकोणीस वर्षांनी! मग १९८३, १९८८, १९९८, १९९९ आणि २००३. सहावं जिंकून ते निवृत्त झाले. त्यांचा मुलगा टॉड त्यांच्याच हाताखाली खेळला आणि पुढे प्रशिक्षक म्हणून त्याने २०१२ ला त्याच विद्यापीठाला पुन्हा विजेतेपद मिळवून दिलं. एका माणसाला टिकू दिलं म्हणून तिथे एक परंपरा तयार झाली.

दुसरे अॅन्सन डोरन्स. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा मुलींचा संघ त्यांनी १९७९ मध्ये सुरू केला आणि २०२४ पर्यंत सांभाळला. एकवीस वेळा एनसीएएचं, म्हणजे तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेचं, विजेतेपद. मिया हॅम ही नामवंत खेळाडू त्यांच्याच संघातली. १९९१ ला महिलांचा पहिला विश्वचषक अमेरिकेने जिंकला तोही डोरन्स यांच्या मार्गदर्शनाखाली. त्यांची एक पद्धत मला फार मोलाची वाटते. सरावातली प्रत्येक चुरस मोजायची, लिहायची आणि सगळ्यांना दिसेल अशी लावायची. एकास एक खेळताना कोण जिंकलं, धावण्यात कोण पुढे, हेडिंगमध्ये कोण. मग संघात कोण आणि का, याची कुजबुज उरत नाही. याला लागते एक वही, एक पेन, आणि ती वही रोज भरायला तिथे असलेला माणूस. आमच्याकडे आलेल्या त्या सरांकडेही अशी वही होती. तिचं पुढे काय झालं मला माहीत नाही. खरं तर ती महाविद्यालयाच्या दप्तरात असायला हवी होती.

वर्षभराचा प्रशिक्षक बारा महिने करणार काय, असं मला एका व्यवस्थापन मंडळाच्या सभासदाने विचारलं होतं. प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून नीट उत्तर देतो.

जूनमध्ये प्रवेश होतात तेव्हा त्याने शाळांकडून आलेली मुलं शोधायची. जुलै-ऑगस्टमध्ये आपली जांभ्या दगडाची पठारं आणि खालची शेतं दोन्ही पाण्यात असतात. तेव्हा पूर्ण मैदानी खेळ कमी, आणि जिमखान्यात किंवा सभागृहात पायांची, पोटाची ताकद वाढवण्याचं काम जास्त. वर्गात फळ्यावर खेळ समजावायचा, सामन्यांची चित्रफीत थांबवून थांबवून दाखवायची. चवथीच्या सुट्टीत मुलं घरी जातात, मग आरत्या, भजनं, जेवणावळी. परत आल्यावर दमसास पुन्हा जमवावा लागतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरला सत्र परीक्षा. त्यानंतर स्पर्धा, निवडलेल्यांना विद्यापीठाच्या संघाकडून पश्चिम विभागाच्या सामन्यांना जायचं. फेब्रुवारीपासून पुन्हा वैयक्तिक कौशल्यं: डावा पाय, हवेतला चेंडू, गोलकीपरचं पायाने खेळणं. एप्रिल-मेमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलांना पुढची वाट दाखवायची. त्यांच्यातल्या दोघा-तिघांना फुटबॉल प्रशिक्षकांसाठीच्या प्राथमिक ‘डी’ लायसन्सच्या वर्गाला पाठवलं तर तीच मुलं उद्या आमच्या शाळांतून प्रशिक्षक म्हणून उभी राहतील.

दुखापतींबद्दल थोडं अधिक बोलायला हवं, कारण इथे आपण मुलांचं खरोखर नुकसान करतो आहोत. तीन आठवड्यांत संघ तयार करायचा म्हणजे पहिल्याच दिवसापासून जोरात सामने खेळवायचे. वर्षभर व्यायाम नसलेली शरीरं, ओलं-कोरडं मैदान, उसने बूट. गुडघ्यातली लिगामेंट फाटली की शस्त्रक्रिया, मग नऊ-दहा महिने घरी, आणि सामान्य घरातल्या मुलाच्या खेळाचा तो शेवटच. फिफाने तयार केलेला ‘इलेव्हन प्लस’ नावाचा वीसेक मिनिटांचा वॉर्म-अप आहे. धावणं, मांड्यांचे आणि पोटाचे व्यायाम, एका पायावर तोल, उडी मारून नीट उतरणं. नॉर्वेमध्ये किशोरवयीन मुलींच्या संघांवर त्याचा मोठा अभ्यास झाला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. हा वॉर्म-अप करणाऱ्या संघांत एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळल्या. साहित्य लागतं फक्त चेंडू आणि खुणेसाठी मैदानात ठेवायचे काही शंकू. पण तो आठवड्यातून दोन-तीन वेळा, महिनोन् महिने केला तरच उपयोग. स्पर्धेपुरत्या माणसाकडून हे होणं शक्य नाही.

आणि खाणं. सकाळी घरून पेज किंवा चहा-पाव घेऊन निघालेला मुलगा दुपारी कॅन्टीनमध्ये भाजी-पाव खातो आणि पावणेचारला धावायला उतरतो. दोन केळी, उकडलेली अंडी, भिजवलेले चणे, एवढं सरावाआधी-नंतर मिळालं तरी फरक दिसतो. कॅन्टीनच्या ठेक्यात ही एक ओळ घालता येईल.

मुलींसाठी हे सगळं दुपटीने खरं आहे. २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक आपल्या फातोर्ड्याला झाला. आमच्या शाळेतल्या मुली तो पाहायला गेल्या होत्या. परत येताना बसमध्ये त्या ज्या बोलत होत्या, ते ऐकून मला वाटलं होतं की आता काहीतरी बदलेल. त्यातल्या ज्या पुढे महाविद्यालयात गेल्या त्यांतल्या एकीला सांगण्यात आलं की मुलींचा संघ ‘अकरा जणी जमल्या तर’ पाठवू. अकरा जणी आपोआप जमत नाहीत. कोणीतरी घरोघर जाऊन आईशी बोलावं लागतं. मैदानाजवळ कपडे बदलायला खोली आणि वापरता येईल असं स्वच्छतागृह लागतं. सराव अंधार पडण्याआधी संपेल याची खात्री लागते. हे सगळं करणारा माणूस, शक्य तिथे स्त्री प्रशिक्षक, नेमली तर पहिल्या वर्षी सात जणी येतील. येऊ देत. सात जणींबरोबर सुरू करा. डोरन्स यांनीही शून्यातूनच सुरुवात केली होती.

पैशाचा प्रश्न येणार हे मला माहीत आहे. लहान महाविद्यालयाला पूर्णवेळ पगार जड जातो हेही खरं. मग जवळची दोन महाविद्यालयं मिळून एक प्रशिक्षक का नेमू नयेत? सोमवार-बुधवार-शुक्रवार एकीकडे, मंगळवार-गुरुवार-शनिवार दुसरीकडे. गोवा फुटबॉल विकास परिषद आणि क्रीडा प्राधिकरण यांच्याकडे प्रशिक्षक आहेत. त्यांच्यापैकी काहींची सेवा पाच वर्षांसाठी महाविद्यालयांना द्यावी, असा लेखी प्रस्ताव सगळ्या प्राचार्यांनी एकत्र येऊन पाठवला तर तो नाकारणं सरकारला सोपं जाणार नाही. फुटबॉल हा गोव्याचा राज्य खेळ आहे. तो राज्याच्या महाविद्यालयांत शिकवला जावा, ही मागणी अवाजवी नाही. माजी विद्यार्थ्यांकडे जा. आपल्या कॉलेजकडून खेळलेली कितीतरी माणसं आज चांगल्या स्थितीत आहेत. रंगमंदिराच्या खुर्च्यांसाठी देणग्या मागता तशा एका प्रशिक्षकाच्या पगारासाठीही मागून पाहा.

विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला माझी वेगळी विनंती आहे. जिथे जिथे बाद पद्धत आहे तिथे निदान पहिली फेरी गटवार साखळी पद्धतीची करा. हरलेल्या संघालाही तीन-चार सामने मिळाले पाहिजेत. सामन्यांशिवाय शिकता येत नाही, आणि एका सामन्यावर प्रशिक्षकाची पारखही होत नाही. सत्र परीक्षेच्या तोंडावर सामने लावू नका. ते टाळता येत नसेल तर खेळाडूंच्या फेरपरीक्षेची तारीख आधीच जाहीर करा, म्हणजे मुलाला प्रत्येक विभागप्रमुखाकडे अर्ज घेऊन फिरावं लागणार नाही. दहावी-बारावीला गोवा बोर्ड क्रीडागुण देतं, म्हणून पालक तोवर मुलांना खेळू देतात. पुढे महाविद्यालयात हजेरीचा पंचाहत्तर टक्क्यांचा नियम आणि सराव यांत ओढाताण सुरू झाली की घरच्यांचा कौल कुठे पडतो हे सांगायला नको. सराव हीसुद्धा हजेरीच, असा स्पष्ट आदेश निघाला तर बरेच वाद मिटतील.

मग पाच वर्षांत प्रशिक्षकाला काहीच विचारायचं नाही का? जरूर विचारा, दरवर्षी विचारा. पहिल्या वर्षाला संघात घेतलेल्यांपैकी किती जण तिसऱ्या वर्षीही संघात आहेत? त्यांच्यातले किती उत्तीर्ण झाले? किती जण दुखापतीमुळे बाहेर गेले आणि किती परत आले? सराव किती दिवस झाला आणि उपस्थिती किती होती? पहिल्या फळीतला खेळाडू नसला तर त्याच्या जागी उतरणारा तयार आहे का? मुलींचा संघ उभा राहिला का? यांची उत्तरं सुधारत असतील तर करंडकाची काळजी करू नका. ती सुधारत नसतील तर तो माणूस बदला. त्यासाठी कोणी तुम्हाला बोल लावणार नाही, मी तर नाहीच.

येत्या प्रवेशांपूर्वी एवढं करा. तुमच्या माहितीपुस्तिकेत प्राध्यापकांची नावं आणि पात्रता छापता, तिथेच फुटबॉल प्रशिक्षकाचं नाव, त्याचं लायसन्स आणि त्याचा करार कोणत्या वर्षापर्यंत आहे हेही छापा. सरावाचे दिवस आणि वेळ लिहा. मुलींच्या संघाची वेगळी ओळ असू द्या. बारावीचा निकाल लागला की पालक माझ्याकडे येतात आणि विचारतात, “सर, पोराला कुठे घालू?” मी ती पुस्तिका उघडून त्यांच्यासमोर ठेवीन.

आपला नम्र,
डिचोली तालुक्यातील एक शारीरिक शिक्षण शिक्षक